मला पुढे कोणी ढकललं?



मराठी विभागात माझा लेख बघून आमच्या विंगमधले निम्मे लोक हसणार, हे मला माहीत आहे. माझं शिक्षण के.जी.पासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही घोळ होतो. त्यामुळे हा लेख माझ्या रूममेटने तपासून दिला आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्याचं, उरलेल्या चुका माझ्या.

आणि विषय? फिजिक्स! थांबा, लगेच पान उलटू नका. पुढे कविता आहेत, त्या कुठे पळून जात नाहीत. हा लेख बल, गती आणि ऊर्जा या तीन गोष्टींवर आहे. शाळेपासून आपण त्या शिकतोय, त्यामुळे त्या आपल्या सगळ्यांना येतात. निदान मला तरी तसं वाटत होतं. जूनमध्ये कळलं की येत नव्हत्या, आणि त्याची किंमत माझ्यापेक्षा दुसऱ्यानेच जास्त मोजली. म्हणून हा लेख.

झालं काय

माझ्या रूममेटला आख्खं हॉस्टेल 'मास्तर' म्हणतं, मीही तेच म्हणतो. लातूरकडचा, बारावीपर्यंत मराठी मीडियम. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. फर्स्ट इयरला इंग्रजी पुस्तकं बघूनच तो हबकला होता. हळूहळू सगळे विषय काढले, फक्त इंजिनीअरिंग मेकॅनिक्सची केटी चिकटून राहिली. या जूनमध्ये ती काढायचीच, असं ठरवून तो बसला होता.

पहिला पाऊस पडला त्या रात्रीची गोष्ट. परीक्षा चालू होती, मध्ये चार दिवसांची गॅप होती. मेस बंद झालेली. मी म्हटलं, चल मास्तर, भुर्जी खाऊन येऊ. त्याला यायचं नव्हतं, मी ओढून नेलं. गाडी माझी, चालवत मी, मागे तो. हेल्मेट एकच आणि तेही आरशाला अडकवलेलं. (डोक्यापेक्षा आरसा महाग!) स्पीड पंचावन्न. पुढच्या टेंपोने अचानक ब्रेक मारला. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाकं जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबली नाही. ती घसरत जाऊन टेंपोच्या फाळक्यावर आपटली. मास्तर माझ्या खांद्यावरून पुढे गेला आणि डांबरावर पडला.

माझं कॉलर बोन मोडलं. त्याच्या डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली, कपाळाला आठ टाके पडले. केटीचा पेपर बुडाला आणि त्या एका पेपरमुळे मास्तर वायडी झाला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तो शुद्धीवर नीट होता. मी त्याच्या कॉटजवळ बसलो होतो, सॉरी कसं म्हणायचं ते सुचत नव्हतं. तोच म्हणाला, "मला एक सांग. मला पुढं ढकललं कुणी? माझ्या मागं तर कुणीच नव्हतं."

मी म्हटलं, "इनर्शिया."

"ते नाव झालं. ढकललं कुणी ते सांग."

मित्रहो, मेकॅनिक्समध्ये मला ब्याण्णव मार्क आहेत. मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर तो तीन महिने प्लास्टरमध्ये होता. मी रोज रात्री जेवणानंतर त्याला मेकॅनिक्स शिकवायचं, असं ठरलं. म्हणजे ठरलं तसं होतं. प्रत्यक्षात कोणी कोणाला शिकवलं ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

१. ढकललं कोणीच नाही

आपल्या सगळ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते. वस्तू हलत ठेवायची तर तिला सतत ढकलत राहावं लागतं. ढकलणं बंद केलं की ती थांबते. हातगाडी बघा, सायकल बघा, तसंच दिसतं ना? ॲरिस्टॉटललाही तसंच वाटायचं, आणि त्याचं म्हणणं लोकांनी दोन हजार वर्षांच्या आसपास मानलं. तेव्हा आपण लाजायचं कारण नाही.

आता कॉमन रूममधल्या कॅरमकडे चला. पावडर न टाकता स्ट्रायकर मारा. अर्ध्यात थांबतो. पावडर टाकून तेवढ्याच जोराने मारा. समोरच्या कडेला आपटून परत येतो. बोटाने दिलेला जोर तोच, आणि बोट सुटल्यावर दोन्ही वेळा स्ट्रायकरला ढकलणारं कोणीच नाही. फरक कशाचा? पावडरने घर्षण कमी केलं. म्हणजे स्ट्रायकर 'जोर संपला' म्हणून थांबत नाही. त्याला घर्षण थांबवतं. मग घर्षण अजून कमी केलं तर? पूर्ण काढूनच टाकलं तर? तर तो थांबायला काही कारणच उरत नाही!

गॅलिलिओने हाच विचार उतरत्या फळीवर गोळे सोडून केला. त्यावरचं त्याचं मोठं पुस्तक १६३८ साली आलं. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया'त तो पहिला नियम म्हणून मांडला. बाहेरचं बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, आणि चाललेली वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालतच राहते. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली सोडलं. आज ते दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडे गेलं आहे आणि सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने जातं आहे. ढकलणारं इंजिन चालू नाही. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याला किंचित मागे ओढतं, तेवढंच.

आता मास्तरचा प्रश्न. टेंपोवर आपटेपर्यंत गाडी, मी आणि मास्तर तिघंही एकाच वेगाने चाललो होतो. गाडीला फाळक्याने थांबवलं. मला, थोडंफार, हँडलने थांबवलं. मास्तरला? त्याला थांबवणारं समोर काहीच नव्हतं. तो आधी ज्या वेगाने जात होता त्याच वेगाने जात राहिला, खालून गाडी निघून गेली. म्हणजे त्याला कोणी ढकललं नाही. त्याला कोणी थांबवलं नाही!

एसटीत ब्रेक लागला की उभी माणसं पुढे 'फेकली' जातात, असं आपण म्हणतो. रस्त्यावर उभं राहून बघा. माणसं जशी चालली होती तशीच चाललेली दिसतील. मागे राहते ती एसटी.

हे सांगितल्यावर मास्तर म्हणाला, "आमच्या पुस्तकात इनर्शियाला जडत्व म्हणतात. जड म्हणजे वजनदार, आणि जड म्हणजे निर्जीवसुद्धा. जी वस्तू स्वतःहून काहीच करत नाही ती जड. थांबत नाही, निघत नाही, वळत नाही. दुसऱ्याने केलं तर होतं." मी बारा वर्षं इनर्शियाची डेफिनिशन पाठ म्हणत होतो. इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं.

२. बल काय करतं?

बल गती टिकवत नाही, हे कळलं. मग करतं काय? बल गती बदलतं. थांबलेल्याला चालवतं, चाललेल्याला थांबवतं किंवा वळवतं. या बदलाच्या दराला त्वरण म्हणतात, म्हणजे आपलं ॲक्सिलरेशन. बल = वस्तुमान × त्वरण. वळणं हेसुद्धा त्वरणच, कारण स्पीडोमीटरचा काटा जागेवर असला तरी दिशा बदलते. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. चाल म्हणजे नुसता स्पीड, वेग म्हणजे दिशेसकट. बोलताना आपण दोन्हींना वेगच म्हणतो, पण पेपरात तसं केलं तर मार्क जातात.

हाच नियम दुसऱ्या तऱ्हेने लिहिला तर जास्त कामाचा आहे. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आपलं मोमेंटम. बल = संवेगातला बदल ÷ त्याला लागलेला वेळ.

क्रिकेटचा बॉल घ्या. साधारण १६० ग्रॅम, वेग सेकंदाला २० मीटर. संवेग झाला ३.२. कॅच घेताना हा सगळा संवेग शून्यावर आणायचा आहे, त्यात सूट नाही. हात ताठ ठेवून सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवलात तर सरासरी बल ३२० न्यूटन. हात मागे घेत घेत दहाव्या भागात थांबवलात तर ३२ न्यूटन. बॉल तोच, वेग तोच, हाताला बसणारा मार दहापट कमी! गल्लीतलं शेंबडं पोरही हात मागे घेतं. त्याला न्यूटन माहीत नसतो, पण तळहात माहीत असतो.

हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

३. बैल, गाडी आणि ओला रस्ता

तिसऱ्या नियमावर मास्तरने मला पहिल्याच दिवशी आडवं पाडलं. "बैल गाडीला जेवढं ओढतो, तेवढंच गाडी बैलाला उलटं ओढते. बरोबर? मग दोन्ही कटले. गाडी चालते कशी?"

ही शंका अनेकांची असते, फक्त विचारायची लाज वाटते. गोम अशी आहे की ही दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. एक गाडीवर, एक बैलावर. ती एकमेकांना कापत नाहीत. गाडीचा हिशोब वेगळा करा. बैल तिला पुढे ओढतो, घर्षण मागे ओढतं, पुढचं जास्त झालं की गाडी निघाली. बैलाचा हिशोब वेगळा. तो खुरांनी जमिनीला मागे ढकलतो, म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते. फ्री बॉडी डायग्राम काढायला सर एवढं का ओरडतात, ते यासाठीच!

"म्हणजे चिखलात बैलाचा जोर तोच असतो, पण जमीन साथ देत नाही," मास्तर म्हणाला. मी मान डोलावली. आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मोटरसायकलचंही तेच! इंजिन फक्त चाक फिरवतं. गाडी पुढे ढकलतो तो रस्ता. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो तोही रस्ताच. टायर आणि रस्ता यांच्यामधलं घर्षण जेवढं देईल, त्याच्यापेक्षा एक न्यूटनही जास्त ब्रेक लागू शकत नाही, मग तुम्ही लिव्हर कितीही दाबा.

पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यावर पसरते, रस्ता बुळबुळीत होतो. त्यात माझी चाकं लॉक झाली. फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता रस्त्यावर स्थिर असतो, त्याला स्थैतिक घर्षण मिळतं. लॉक झालेलं चाक घासत जातं, त्याला गतिक घर्षण मिळतं, आणि ते कमी असतं. शिवाय घसरणाऱ्या चाकाने गाडी वळवताही येत नाही. एबीएस हेच तर करतं. चाक लॉक होऊ लागलं की ब्रेक सोडतं, पकडतं, सोडतं, पकडतं. माझ्या गाडीला एबीएस नाही. घर्षणावरचा आठ मार्कांचा प्रश्न मी पूर्ण सोडवला होता, आणि ब्रेक मात्र वेड्यासारखा दाबला.

४. हमालाचं काम शून्य?

कार्य = बल × बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. हे वाक्य मी वाचलं आणि पुढे उदाहरण दिलं, "म्हणजे पोतं डोक्यावर घेऊन एका जागी उभं राहिलं तर कार्य शून्य."

मास्तर गप्प झाला. मग म्हणाला, "हे माझ्या बापाला सांग."

मला जमीन दुभंगावी असं झालं. त्याचे वडील अपघातानंतर तीन दिवस इथे येऊन राहिले होते. तीन दिवसांची मजुरी बुडवून. गाडी कोणी चालवत होतं ते त्यांना माहीत होतं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "तुझं बरं हाय ना, लेकरा?" बस्स.

त्या रात्री आम्ही पुढे गेलो नाही. पण प्रश्न खरा होता. काम शून्य असेल तर माणूस दमतो का? मी दोन दिवस पुस्तकं चाळली. उत्तर असं आहे. पोतं स्थिर धरताना आपले स्नायू आतून स्थिर नसतात. त्यातले तंतू सतत आकसतात, सैल होतात, पुन्हा आकसतात. त्यासाठी शरीर अन्नातली ऊर्जा जाळतं, तिची उष्णता होते, घाम येतो. म्हणजे हमालाने ऊर्जा खर्च केली, ती खरी. फक्त ती पोत्यापर्यंत पोचली नाही. फिजिक्समधलं कार्य म्हणजे पोत्याला किती ऊर्जा मिळाली याचा हिशोब. माणसाच्या कष्टाचा तो हिशोब नव्हेच.

मास्तरला हे पटलं. तो म्हणाला, "म्हणजे पासबुक पोत्याचं आहे, बापाचं नाही." त्याने वहीत तसंच लिहून ठेवलं आहे.

आणि पोतं १.५ मीटर उचलून ट्रकात टाकलं तर? ५० किलोचं पोतं, त्याचं वजन साधारण ४९० न्यूटन. कार्य झालं ७३५ ज्यूल. ही ऊर्जा आता पोत्यात स्थितिज ऊर्जा म्हणून जमा आहे. पोतं खाली पडलं तर तीच गतिज होऊन बाहेर येईल.

५. वर्गाचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा एम व्ही स्क्वेअर. हा 'स्क्वेअर' आपण इतक्या वेळा लिहितो की तो दिसेनासाच होतो.

एके काळी यावर मोठं भांडण होतं. हलत्या वस्तूत जे काही 'असतं' ते वेगाच्या प्रमाणात, की वेगाच्या वर्गाच्या? हॉलंडमध्ये ग्राव्हेसांड नावाच्या प्राध्यापकाने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. दुप्पट वेगाने पडलेल्या गोळ्याचा खड्डा दुप्पट नाही, चौपट खोल गेला! एमिली द्यु शातले या फ्रेंच बाईने हे प्रयोग १७४० सालच्या आपल्या पुस्तकात घेऊन वर्गाची बाजू मांडली. 'प्रिन्सिपिया'चं फ्रेंच भाषांतर करता करता ती १७४९ साली, बाळंतपणानंतर काही दिवसांतच वारली. भाषांतर पूर्ण स्वरूपात १७५९ साली छापून आलं. ज्या काळात बायकांना कॉलेजात पाऊल टाकता येत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे. (गर्ल्स हॉस्टेलने नोंद घ्यावी. बॉईज हॉस्टेलने जास्त घ्यावी.)

आता या वर्गाचा अर्थ आपल्या भाषेत. उंचीवरून पडणाऱ्या वस्तूची स्थितिज ऊर्जा गतिज होते. म्हणजे प्रत्येक स्पीडला एक उंची ठरलेली आहे. वस्तुमान दोन्ही बाजूंना कटतं, जाडा-बारीक सगळ्यांना सारखीच. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, त्याची उंची ५ मीटर. ताशी ७२ ला दुप्पट नाही, चौपट, २० मीटर.

मास्तरने विचारलं, "आपण किती वर होतो?" पंचावन्नचं गणित केलं. १२ मीटरला किंचित कमी. मग आम्ही हॉस्टेलची गच्ची मोजली. म्हणजे मी वरून दोरीला दगड बांधून सोडला आणि मास्तर खाली कुबड्यांवर उभा राहून ओरडला. (रेक्टर सर, माफ करा, गच्चीची किल्ली कोणी दिली ते सांगणार नाही.) दोरी मोजली. बारा मीटरला थोडी कमी!

मी कठड्याजवळ उभा राहून खाली बघितलं. तुम्हीही एकदा बघा. त्या रात्री मी मास्तरला ज्या स्पीडने नेत होतो, ती ही उंची होती. आपटण्याआधी वेग बराच कमी झाला होता, म्हणून आम्ही आहोत.

अजून एक गणित, हे मास्तरनेच काढलं. दोन सारख्या गाड्या, एक ५० ला, दुसरी ७० ला. समोर अडथळा दिसताच दोघी एकाच ठिकाणी एकाच क्षणी ब्रेक मारतात, ब्रेकचं बल सारखंच. ५० वाली बरोबर अडथळ्याला टेकून थांबते. तर ७० वाली त्याच अडथळ्यावर किती स्पीडने आपटेल? विंगमध्ये सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, वीस.

उत्तर आहे ४९! बल तेच, अंतर तेच, म्हणून दोन्ही गाड्यांची सारखीच ऊर्जा गेली. ५० चा वर्ग २५००, तेवढी गेली. ७० चा वर्ग ४९००. उरले २४००. त्याचं वर्गमूळ ४९. म्हणजे पहिली गाडी पूर्ण थांबते तिथे दुसरी अजून ४९ ने चाललेली असते. 'वीसनेच तर जास्त होता' असं कोणी म्हटलं तर हे आठवा. शिवाय ब्रेकपर्यंत हात पोचायला एक सेकंद लागला, तर ७० वाली त्या सेकंदात १९ मीटर पुढे गेलेली असते, हे वेगळंच.

६. एक कटिंग चहा

ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते. ज्यूलने १८४० च्या दशकात पडत्या वजनांनी पाण्यात पाती फिरवून पाणी किती तापतं ते मोजलं आणि हा हिशोब जुळवून दाखवला. मग आमच्या गाडीची ऊर्जा किती होती? गाडी आणि आम्ही दोघं मिळून २७० किलो धरा. पंचावन्नच्या स्पीडला ती येते साधारण ३१,५०० ज्यूल.

आकडा मोठा वाटतो? एका कटिंग चहाचं, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी, २५ अंशांवरून उकळायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते! मास्तर हे ऐकून हसला, मग गप्प झाला. "एका चहाएवढ्यात माझा पाय मोडला?"

हो. कारण प्रश्न ऊर्जा किती याचाच नाही, ती किती वेळात आणि कुठे जाते याचाही आहे. इथे बल, ऊर्जा आणि शक्ती हे तिन्ही शब्द वेगळे कळतात. बोलताना आपण तिन्हींना 'ताकद' म्हणतो. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. ऊर्जा म्हणजे कार्य करायची जमा पुंजी. शक्ती म्हणजे ती पुंजी किती झटपट खर्च होते तो दर. ३१,५०० ज्यूल तीन सेकंदांत ब्रेकच्या ड्रममध्ये गेले तर ड्रम गरम होतो, बस्स. तेच सेकंदाच्या दहाव्या भागात गेले तर पत्रा वाकतो आणि हाडं मोडतात.

हेल्मेट ऊर्जा कमी करत नाही. ते कॅच घेताना मागे जाणाऱ्या हातासारखं आहे. डोकं साधारण ५ किलोचं धरा, वेग ताशी ३६. गतिज ऊर्जा २५० ज्यूल. हेल्मेटच्या आतलं थर्मोकोलसारखं अस्तर समजा अडीच सेंटिमीटर दबलं, तर सरासरी बल २५० भागिले ०.०२५, म्हणजे १०,००० न्यूटन. हेल्मेट नसेल आणि अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबायचं असेल तर ५०,००० न्यूटन. पाचपट! दोन सेंटिमीटरचा फरक. ते अस्तर एकदा दबलं की काम झालं, म्हणून आपटलेलं हेल्मेट बदलायचं असतं. आणि पट्टा लावला नाही तर हेल्मेटलाही जडत्व असतंच. ते पुढे जातं, डोकं मागे राहतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. पण कायदा राहू द्या. पहिला नियम आठवा. चालवणाऱ्याला निदान हँडल असतं. मागच्याला काहीच नसतं.

शेवटी

मास्तरचं प्लास्टर निघालं आहे. मध्यंतरी तो गावी जाऊन किराणा दुकान टाकायचं म्हणत होता, ते आता बोलत नाही. केटीचा पेपर डिसेंबरमध्ये आहे. रिझल्ट काय लागेल ते मी सांगू शकत नाही, पण तो आता प्रश्न वाचल्यावर आधी विचारतो, "इथे कोण कुणाला ढकलतंय?" आणि मगच फॉर्म्युला लिहितो. मी फॉर्म्युला आधी लिहायचो. म्हणून ब्याण्णव मिळाले आणि उत्तर आलं नाही.

दोन विनंत्या करतो. एक, तुमच्या विंगमध्ये कोणी मराठी मीडियमचा केटीवाला असेल तर त्याच्याबरोबर बसा. उपकार म्हणून नाही. त्याच्याकडे शब्द आहेत, तुमच्याकडे सराव आहे, दोघांचं मिळून एक डोकं होतं.

दुसरी विनंती अशी की भुर्जी खायला जाताना दोन हेल्मेट घेऊन जा. मी दुसरं घेतलं आहे. आमच्या रूममध्ये दाराच्या मागे टांगलेलं असतं. कोणालाही लागलं तर विचारायची गरज नाही, घेऊन जा. फक्त आरशाला अडकवू नका.